द्राक्ष बागायतदाराचा व्हिसा आणि खात्यावरचे उसने पैसे

मा. संपादक,

महोदय,

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिक जिल्ह्यातील अनेक द्राक्ष बागायतदारांच्या घरी बर्लिनचा विषय निघतो. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेथे फ्रूट लॉजिस्टिका हे फळे-भाजीपाल्याच्या व्यापाराचे मोठे प्रदर्शन भरते, आणि ज्यांच्या शीतगृहांत आपला माल उतरतो ते युरोपातील आयातदार तेथे समोरासमोर भेटतात. त्यासाठी लागणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, मागताना शेतकऱ्याची जी फसगत होते ती मी स्वतः सोसली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एकच आहे. शेतकऱ्याने आपले उत्पन्न त्याच्या हंगामासह, जसे आहे तसेच कागदावर मांडावे. पगारदार माणसासारखे दिसण्यासाठी खात्यावर उसने पैसे भरू नयेत.

अडचण कोठे येते ते आधी सांगतो. एजंटाच्या यादीत तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचा बँक खातेउतारा आणि पगाराच्या पावत्या असतात. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे ज्याचे दुसरे काही उत्पन्न नाही असा बागायतदार बहुधा विवरणपत्र भरतच नाही, आणि पगाराच्या पावतीचा तर प्रश्नच येत नाही. राहिला खातेउतारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा करून चालत नाही, आणि फेब्रुवारीच्या प्रवासासाठी तो बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात जातो. नेमक्या याच काळात छाटणी, पेस्टिंग, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि औषधे यांत पैसा गेलेला असतो, पीककर्ज उभे असते, आणि माल निघून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, हातात पडायला अजून दोन-तीन महिने असतात. आमच्या खात्याचा वर्षातला सर्वांत रिता काळ तो अर्जाचा काळ.

मी पहिला अर्ज केला तेव्हा शहरातील एका एजंटाने माझा खातेउतारा पाहिला आणि एवढ्या शिलकीवर व्हिसा होणार नाही असे सांगितले. त्याच्या सल्ल्याने मी मेहुण्याकडून पाच लाख रुपये घेऊन खात्यावर भरले. हॉटेलचे आरक्षण त्यानेच केले. ते नंतर रद्द करण्यासाठीच केलेले होते, हे मला पुढे कळले. व्यवसायाच्या रकान्यात त्याने शेतीऐवजी फळांचा व्यापार असे लिहिले होते. मी घाईत शेवटच्या पानावर सही केली, आणि आतली पाने वाचली नाहीत, हा माझा दोष आहे.

पासपोर्टचे काम नाशिकमध्ये होते, पण व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आम्हाला मुंबईला जावे लागले. डिपिंगचे दिवस होते. काचेवर चार बोटे ठेवली, पण यंत्राला रेषा सापडेनात. खिडकीपलीकडच्या मुलीने ओला रुमाल दिला, मी बोटे पुसून पुन्हा दाबली, तिने स्वतः माझे मनगट धरून बोटे सपाट केली, तेव्हा पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. कात्रीने आणि औषधांनी झिजलेली ती बोटे पाहून ती म्हणाली, ‘काका, शेती करता का?’ मी हो म्हणालो. तिच्या समोरच्या अर्जात मात्र मी व्यापारी होतो. तो क्षण माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढे नकाराचा छापील कागद आला. त्यातील ठरावीक कारणांपैकी दोन चौकटींवर खूण होती: मुक्कामाचा उद्देश व परिस्थिती यांबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका आहे. ९० युरोंचे शुल्क, म्हणजे आपले नऊ हजारांच्या आसपास रुपये, परत मिळत नाही. पैशांपेक्षा जास्त लागले ते ‘परत येण्याच्या हेतूबद्दल शंका’ हे शब्द. ज्याची बाग ऐन घडावर आलेली आहे, ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत आणि ज्याचे म्हातारे वडील ओट्यावर वाट पाहत बसलेले आहेत, तो माणूस परत येणार नाही असे कोणाला वाटले असेल? पण त्या अधिकाऱ्याने माझी बाग पाहिलेली नव्हती. त्याने पाहिला तो खातेउतारा, ज्यात सहा महिने शिल्लक वीस-तीस हजारांच्या आसपास हलत होती आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम पाच लाखांची एक ओळ आली होती. त्या ओळीनेच माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

पुढच्या वर्षी मी एजंटाकडे गेलो नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेत कोणते कागद चालतात याची यादी जोडलेली आहे, ती मुलाच्या मदतीने वाचून काढली. परत येण्याचा हेतू दाखवणाऱ्या कागदांत स्थावर मालमत्तेचा पुरावा आणि कौटुंबिक संबंधांचा पुरावा स्पष्टपणे नमूद आहे, आणि व्यावसायिक कामासाठी जाणाऱ्याला आयातदाराचे निमंत्रण किंवा प्रदर्शनाचे प्रवेशपत्र जोडता येते. म्हणजे ज्या सातबाऱ्याचा उल्लेखही एजंटाने केला नव्हता, तोच आमचा सर्वांत भक्कम कागद होता. पीकपाहणीच्या नोंदीसह सातबारा आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, निर्यातदाराकडून मिळालेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या, ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी संगणक प्रणालीवरील बागेची नोंदणी, पीककर्जाचे खाते, सोसायटीचा दाखला आणि सहा महिन्यांऐवजी पूर्ण तीन वर्षांचा खातेउतारा मी जोडला, ज्यात दर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पैसा येतो आणि पावसाळ्यानंतर तो बागेतच जातो हे कोणालाही दिसावे. सोबत सव्वा पानाचे पत्र लिहिले: मी शेतकरी आहे, माझे उत्पन्न वर्षातून एकदा येते, या प्रवासाचा खर्च मागच्या हंगामातील ठेवीतून करणार आहे, आणि फेब्रुवारीच्या मध्याला माझी काढणी सुरू होत असल्यामुळे मला त्याआधी परतावेच लागेल. ठसे पुन्हा द्यावे लागले नाहीत, कारण ५९ महिन्यांच्या आत दिलेले ठसे पुन्हा वापरता येतात. व्हिसा मिळाला. तो प्रवासाच्या दिवसांपुरताच होता, पण खरा होता.

कोणत्या देशाकडे अर्ज करायचा यातही लोकांना चुकीचे सांगितले जाते. ‘जिथली तारीख लवकर मिळेल तिथे टाकून देऊ’ असे एजंट म्हणतात. नियम असा की २९ शेंगेन देशांपैकी ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त किंवा प्रवासाचा मुख्य उद्देश असेल त्याच्याकडे अर्ज करावा, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. मला बर्लिनला चार दिवस आणि रॉटरडॅमच्या बंदरावर दोन दिवस जायचे होते, म्हणून अर्ज जर्मनीकडे. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे आणि प्रवासाच्या सर्व दिवसांचे असावे, एवढे तारखा जुळवून पाहिले की तो भाग संपतो.

नकाराची नोंद सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षे राहते आणि शेंगेनमधील इतर देशांनाही दिसते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जर्मनीने तर नकारावर फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता एक तर नवा अर्ज करायचा किंवा थेट बर्लिनच्या न्यायालयात जायचे. याउलट एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले असून, तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरणाऱ्याला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचाही. म्हणून पहिला लहानसा व्हिसा स्वच्छ असणे हीच पुढच्या प्रवासांची पायाभरणी आहे, आणि तोच उसन्या पैशांनी नासवला जातो.

कागदाची शिस्त आपल्या बागायतदारांना नवी नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि अनेक घरे कर्जात गेली, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. आज कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले याची नोंदवही ठेवल्याशिवाय निर्यातीची बाग उभी राहत नाही. घडाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस स्वतःच्या नावाच्या अर्जावर न वाचता सही करतो, याचे मला दुःख होते.

आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी काही मागणी आहे. द्राक्ष बागायतदार संघाने आणि कृषी विभागाने दर वर्षी सप्टेंबरमध्ये, छाटणीला हात लागण्यापूर्वी, या विषयावर एक दिवसाची बैठक नाशिकमध्ये घ्यावी. सातबाऱ्याचा प्रमाणित इंग्रजी उतारा तहसील कार्यालयातच मिळावा, म्हणजे भाषांतरासाठी भटकावे लागणार नाही. नोव्हेंबरात काही दिवस तरी ठसे घेण्याची सोय नाशिकमध्ये व्हावी. आणि प्रवासी एजंटांनी अर्जाची व जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत सही घेण्यापूर्वी अर्जदाराच्या हातात द्यावी. जो देणार नाही त्याच्याकडे पासपोर्ट सोपवू नये, अशी माझी बागायतदार बांधवांना हात जोडून विनंती आहे. बैठक ठरल्यास माझ्या दोन्ही वर्षांच्या फाइली, नकाराच्या कागदासह, सर्वांना पाहण्यासाठी मी तेथे घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार, नाशिक