मानशीची फळी

दुर्भाट, फोंडा
नारळी पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

प्रिय वकीलसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. उशिराचा दोष पावसावर ढकलत नाही, तो तुझ्या शेवटच्या वाक्याचा. ‘मर्यादा म्हणजे दमलेल्या माणसाने मारलेली रेघ’ असं लिहिलंस आणि खाली सही ठोकून मोकळा झालास. कोर्टातही समोरच्याचं ऐकायच्या आत असाच खाली बसत असशील. मी पडलो गणिताचा मास्तर, मला फळ्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून आधी एका फळीची गोष्ट ऐक.

परवा रात्री उधाण होतं. पुनव झाली की पुढचे दोन दिवस जुवारी अशी फुगते की बांधाखाली उभं राहिलं तर नदी डोक्यावर आहे असं वाटतं. बाराच्या सुमाराला पुतण्याची हाक आली, ‘काका, मानस मिटेना!’

मानस म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. तू इथे आलास तेव्हा मंगेशी, शांतादुर्गा आणि इसवणाचं कालवण एवढंच बघून गेलास. आमची भातशेती खाजनातली, म्हणजे भरतीच्या पातळीच्याही खाली. नदी खारी. मध्ये चिखलाचा, पेंढ्याचा आणि चिऱ्यांचा बांध, आणि त्या बांधात ठेवलेलं दार, ती मानस. तिला कुलूप नाही, मोटर नाही. जाड लाकडी फळ्या वरून टांगलेल्या, बस्स. भरती चढली की नदीचंच पाणी त्या फळ्या रेटून मिटवतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ज्याला अडवायचं त्याच्याच जोराने दार लावून घ्यायचं, हे पहिल्यांदा ज्याला सुचलं त्याच्या पायावर डोकं ठेवावं.

तर पुतण्या कमरेइतक्या पाण्यात, मी वर टॉर्च धरून. फळी आणि खालच्या दगडाच्या मध्ये चार बोटांची फट राहिली होती आणि तिच्यातून खारं पाणी फुरफुरत आत येत होतं. चाचपून चाचपून त्याने अडकलेली वस्तू ओढून काढली आणि फळी धाडकन मिटली. वस्तू कोणती? नारळ! दोऱ्याने बांधलेलं फूल अजून त्याला चिकटलेलं होतं. पाण्याने आपली मर्यादा सोडू नये म्हणून कुणीतरी भक्तिभावाने वाहिलेला. बांधावर बसून आम्ही दोघं मोठमोठ्याने हसलो. मग पुतण्या एकदम गप्प झाला आणि वाफ्यातलं पाणी बोटाने चाखत फिरला. खारं पाणी एकदा मुरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागते. आमचं कोरगुट भात खारटपणा सोसतं, पण त्याच्याही सोसण्याला हद्द आहे.

तुझी रेघ एकदा मारली की झाली. बांधाचं तसं नाही, तो घालून भागत नाही, राखावा लागतो. खेकडे पोखरतात, फळ्या कुजतात, लाटा माती नेतात. गावाच्या शिवेवर आम्ही भिंत कुठे घालतो? राखणदार बसवतो, आणि त्याला वर्षाचा रोट देतो, बरोबर सोरोही. (देव असून तो पितो, हे मला लहानपणापासून फार आवडत आलंय.)

आणि बांधाला धोका नेहमी नदीकडूनच असतो असंही नाही. मानशीत जाळं लावून मासळी धरायच्या हक्काची पावणी होते, म्हणजे लिलाव. बोली चढली की घेणाऱ्याला पैसे वसूल करायची घाई होते. मग ऐन भरतीत फळ्या मुद्दाम उचलायच्या, खाऱ्या पाण्याबरोबर सुंगटं, काळुंदरं आत घ्यायची. एका मोसमात त्याचं भागतं आणि शेत बसतं. पूर्वी बांध गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची संस्था, राखायची, कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनेकडे आलं. सहा वर्षांमागे आमच्या वाड्यावर असाच प्रकार झाला. फळ्या कोण उचलतो ते मला माहीत होतं. पावणीच्या पैशातून देवळाच्या मंडपाचे पत्रे आले होते, मी गप्प बसलो. तिकडे डिचोली-साखळीला डोंगरच्या डोंगर बोटींत भरून गेले, २०१२ साली लोखंडाच्या खाणी थांबल्या, आणि वर्षाला २ कोटी टनांची हद्द सर्वोच्च न्यायालयाने घातली ती २०१४ साली. आधी घातली असती तर आमच्यापैकी कितीजणांनी तिला हात जोडले असते, हा प्रश्न विचारू नकोस.

आता तुझा आवडता मुद्दा. लोकांनी निवडून दिलं, बहुमत आहे, मग अडवणारे तुम्ही कोण? १९६७ चा कौल आठव. मी तेव्हा आठ वर्षांचा. वडील कट्टर फूलवाले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा. विधानसभेत बहुमत विलीनीकरणवाद्यांचं होतं, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. तुझ्या न्यायाने प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण तो थेट लोकांपुढे गेला, आणि कौल निर्वेध व्हावा म्हणून भाऊसाहेबांचं सरकार आधी पायउतार झालं. १६ जानेवारीला मतदान. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. वडील त्या रात्री जेवले नाहीत. आईने वाढलेलं ताट झाकून ठेवलं, आणि तिने कशावर शिक्का मारला ते मरेपर्यंत सांगितलं नाही. आम्ही विचारलं की म्हणायची, ‘मी जेवण करून ठेवलं होतं ना?’

पुढची गंमत बघ. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. राज्य तुम्ही चालवा, पण ह्या मेरेपलीकडे जायचं नाही. इतकं स्वच्छ मी मतपेटीला बोलताना पुन्हा ऐकलेलं नाही. घरात कोंकणी बोलणारा आणि तुला मराठीत पत्र लिहिणारा माझ्यासारखा माणूस त्या मेरेवरच वाढला. वडिलांचं दुःख मला आजही खरं वाटतं, आणि निकालही बरोबर वाटतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, ते तुझ्या उलटतपासणीत कळायचं नाही.

विलीनीकरण हा शब्द मात्र आम्हाला नंतर वेगळ्याच अर्थाने भेटला. पक्षांतराचा कायदा १९८५ चा. तेव्हा पक्षाचे एक-तृतीयांश फुटले तर ती ‘फूट’ म्हणून चालायची. ती पळवाट २००३ साली बुजवली, पण दोन-तृतीयांशांची ठेवली. एकट्याने बांध ओलांडला तर अपात्र. दोन-तृतीयांश मिळून ओलांडला की विलीनीकरण! २०१९ साली इथे काँग्रेसच्या १५ आमदारांतले १० असे गेले, २०२२ साली ११ तले ८. त्या दुसऱ्या खेपेला तर निवडणुकीआधी देऊळ, खुरीस (क्रूस), दर्गा अशा तिन्ही ठिकाणी शपथा झाल्या होत्या. राखणदाराला रोट पोचला होता, म्हणायचं.

केशवानंद भारतींचा खटला तुला शिकवणं म्हणजे मासळीवाल्याला खवले काढायला शिकवणं. तरी मला त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना बदलता येईल, तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. त्या सहांत यशवंत चंद्रचूड होते. अशी मर्यादा त्यांना तेव्हा दिसली नव्हती. मग आणीबाणी आली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३६८ मध्ये लिहून टाकलं की संसदेच्या ह्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. आणि १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या निकालात ते वाक्य रद्द करणारा निवाडा लिहिला तो ह्याच चंद्रचूडांनी, सरन्यायाधीश म्हणून. ज्याला मोजका अधिकार दिलाय, त्याने तोच वापरून स्वतःचा अधिकार अमर्याद करून घ्यायचा नाही. सात वर्षांत घटनेचा गाभा बदलला नव्हता. दरम्यान भरती येऊन गेली होती, एवढंच. माणूस पाणी बघून शिकतो.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर मुलाने स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही करायची नाही. आमच्या गणितातही असंच एक प्रगतिपुस्तक आहे. १९३० च्या सप्टेंबरात क्योनिग्सबर्गला हिल्बर्ट ह्या बड्या जर्मन गणितज्ञाने भाषणाचा शेवट छाती ठोकून केला: आपल्याला कळलंच पाहिजे, आणि कळेलच. ते शब्द त्याच्या थडग्यावर कोरलेत. त्याच गावात, आदल्याच दिवशी, एका परिषदेतल्या चर्चेत चोवीस वर्षांच्या गोडेल नावाच्या तर्कशास्त्रज्ञाने त्याच्या पायाखालची वाळू काढून ठेवली होती. नेमके नियम घालून दिलेली, अंकगणित मावेल एवढी कुठलीही पद्धत घे. ती आपल्याशीच विसंगत नसेल, तर खरी असूनही तिच्याच नियमांनी सिद्ध न होणारी विधानं तिच्यात उरतातच. आणि आपण विसंगत नाही, हे तिला स्वतःच्या बळावर सिद्ध करता येत नाही. (गोडेलचा मसाला हरेक कालवणात घालणाऱ्यांचा मला राग आहे, आणि आज मीच चिमूटभर घातला.) पण गणित काही त्या दिवशी दुकान बंद करून घरी गेलं नाही. काय सिद्ध करता येत नाही हे शोधता शोधता १९३६ साली टुरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने कागदावर एक यंत्र मांडलं, आणि आजचे संगणक त्याच कुळातले. मराठीत मानस म्हणजे मन. आमच्या नदीवर मानस म्हणजे दार. व्युत्पत्तीच्या भानगडीत पडत नाही, पण परवा टॉर्च धरून उभा असताना हे डोक्यातून जाईना.

आता उशिराचं खरं कारण. दादाला जाऊन गेल्या मार्चमध्ये वर्ष झालं. तुझा फोन आला होता तेव्हा मी ‘सुटला बिचारा’ म्हणालो होतो. सुटला नव्हता रे, मी त्याला तेवीस दिवस धरून ठेवला होता. चाळीस वर्षं ही मानस ज्याने राखली, तो दादा. घशात नळी, आणि ती उपसू नये म्हणून दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. मशीन मोजून हवा भरायचं, मोजून सोडायचं. नवव्या दिवशी मी त्याचा उजवा हात सोडवून घेतला, तर त्याने माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली. आधी पु. मग, बराच वेळ घेऊन, रो. पुरो. ताटात भात वाढताना आम्ही म्हणतो तो शब्द. मला कळला. नर्सने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, ‘पूत म्हणतोय. मुलाला बोलावतोय.’ मुलगा धावत आत आला, बापाने आपल्याला बोलावलं म्हणून त्याला कोण आनंद झाला. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

पुढचे चौदा दिवस रोज कसला ना कसला कागद पुढे यायचा आणि मी सही करायचो. डॉक्टरांना बोल लावत नाही. त्यांनी विचारलं, मी ‘करा, सगळं करा’ म्हटलं. दमलेला माणूस रेघ मारतो म्हणतोस? मी इतका दमलो होतो की रेघ मारायची ताकदच उरली नव्हती.

जुवारीच्या पलीकडच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, आजाराने शरीर कामातून गेल्यावर त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ ला सेवाग्रामला देह ठेवला. माझी तेवढी छाती नाही. मी कागद करतोय. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा, शेवटच्या आजारातल्या उपचारांबद्दलच्या इच्छापत्राला मान्यता दिली, तेव्हा त्यावर दंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. इथल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२४ साली स्वतःचं केलं, ते राज्यातलं पहिलं. मजकूर मी मराठीत लिहिलाय, सव्वा पान झाला. कुठल्या वेळी नळी घालू नये, घातलीच असेल तर कधी काढावी, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. तिथे पुतण्याचं नाव घातलंय. म्हणजे तळहाताची गोष्ट त्याला आधी सांगणं आलं.

साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. दुसरी ओळ कोरी ठेवलीय. माझा युक्तिवाद तुला पटला नसला तरी सहीला अडचण नाही, साक्षीदाराने मजकुराशी सहमत असायला हवं असं कुठे आहे? चवथीला ये. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचं फळाफुलांचं छत, बांधायला उंच माणूस हवाच आहे, आणि नोटरी चवथीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बसतो. पेन तुझं आण, माझी सगळी नातवंडांनी पळवलीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर