थम्ब ग्रिप घेण्याआधी पुठ्ठ्याने माप घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. सेन्सर, लेन्स, मेगापिक्सेल, किंमत, सगळं त्यात होतं. कॅमेरा हातात धरायचा कसा, यावर मात्र एक ओळही नव्हती. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता जुन्या वाड्यांचे फोटो काढते. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे. म्हणून थम्ब ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागे अंगठा टेकवायची आकडी, हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही. ती नसेल तर अर्ध्या तासात कॅमेरा पिशवीत जातो.

माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स१००एफ आहे, २०१७ सालचं मॉडेल, वजन साधारण ४७० ग्रॅम. आकडा लहान वाटतो. पण हे सगळं वजन आपण उजव्या टोकाला धरून पेलतो, त्यामुळे डावी बाजू सारखी खाली ओढ घेते. ती आवरायला बोटं पुढून आणि अंगठा मागून, अशी चिमूट आवळून धरावी लागते. दुखतं ते त्यामुळेच. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांत हा प्रश्न बराचसा आपोआप सुटायचा. फिल्म पुढे सरकवायचा खटका जरासा बाहेर ओढून ठेवला की अंगठा त्याच्यामागे टेकायचा. फिल्म गेली, तसा खटकाही गेला आणि अंगठ्याची टेकायची जागाही. फ्लॅशसाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो हॉट शू असतो, त्यात सरकवायची ही धातूची आकडी त्याच खटक्याची जागा घेते. (आमच्या घरातला पहिला कॅमेरा अॅग्फा क्लिक थ्री, बडोद्यातच तयार झालेला. एका रोलमध्ये १२ फोटो. तो दोन्ही हातांनीच धरायचा, अशी वडिलांची शिस्त होती.)

पहिली ग्रिप मी ऑनलाइन मागवली. दुमडणारी, बिजागरीची. फोटोत फार देखणी दिसत होती. शूमध्ये ती पहिल्या दिवसापासून किंचित हलायची. मी तिच्या पायाला कागदी टेपची पट्टी लावली आणि काम चालवलं. गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी गर्दीत एका हाताने कॅमेरा उंच धरला, सगळा भार अंगठ्यावर घेतला आणि ग्रिप शूमधून सरळ मागे निसटली. कॅमेरा मनगटाच्या पट्ट्याला लोंबकळत राहिला म्हणून वाचला. ग्रिप गर्दीत गेली ती गेलीच. विक्रेत्याला लिहिलं तर ‘ही वस्तू सजावटीसाठी आहे, भार घेण्यासाठी नाही’ असं उत्तर आलं. अंगठ्याला आधार म्हणून विकलेल्या वस्तूने भार घ्यायचा नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

दुसरी अखंड अॅल्युमिनियमची होती. शूमध्ये घट्ट, जराही हलत नव्हती. तिचा दोष दुसराच निघाला. या कॅमेऱ्यात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) बदलायचा तर शटर स्पीडच्या चकतीची बाहेरची कडी वर उचलून फिरवावी लागते. ग्रिपचा दांडा नेमका त्या कडीला खेटून जायचा. कडी उचलायला नख घालायलाही जागा उरत नसे. सेटिंग बदलायचं मागचं चक्र, कमांड डायल, तेही अर्धं झाकलं जायचं. दर वेळी ग्रिप काढा, आयएसओ बदला, ग्रिप घाला. त्या काढघालीत शूचा काळा रंग खरवडून आतला धातू दिसायला लागला.

तिसऱ्या वेळी मी आधी माप घेतलं. हीच गोष्ट वाचकांना सांगावी, म्हणून हे पत्र. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्यायचा, शूच्या रुंदीची पट्टी कापायची आणि शूमध्ये अडकून बसेल इतक्या घड्या घालायच्या. मग कॅमेरा आपण नेहमी धरतो तसा धरायचा, डोळ्याला लावायचा, बोट शटरच्या बटणावर ठेवायचं. अंगठा सहज कुठे पडतो तिथे पट्टी खाली वाकवायची. माझा अंगठा मी समजत होते त्याच्यापेक्षा बोटाच्या एका पेराएवढा उजवीकडे पडत होता. पट्टी तशीच ठेवून सगळी चक्रं फिरवून बघायची, सगळी बटणं दाबून बघायची. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी हे नक्की करावं, कारण त्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या पाठीवर येतो आणि आकडी कपाळाला किंवा चष्म्याला टोचते. तो पुठ्ठा घेऊन मी दुकानात गेले. दुकानदारांनी तीन-चार ग्रिपा त्याच्याशी जुळवून पाहू दिल्या आणि त्यातली एक अगदी बरोबर बसली. पितळेची एक त्याहून सुंदर होती. पण ती हातात जड लागली, आणि माझ्या अंगठ्याला वाढीव वजन नकोच होतं.

ग्रिपच्या पायाची खालची बाजूही उलटी करून बघावी. शूमध्ये फ्लॅशचे विजेचे बिंदू असतात. चांगल्या ग्रिपला तिथे खोलगट जागा ठेवलेली असते, त्यामुळे धातू त्यांना टेकत नाही. ग्रिप बसवली की वर फ्लॅश लावता येत नाही हे खरं. मला त्याचं दुःख नाही. आमच्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नये, असंच माझं मत आहे. तिथे खोल्यांत उजेड कमी, म्हणून शटर १/१५ किंवा १/८ सेकंदावर न्यावं लागतं. माझ्या कॅमेऱ्यासारख्या ३५ मिलिमीटरच्या समतुल्य लेन्सला, कॅमेरा हातात धरून, शटर १/३० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नये असं शिकवतात. आधी १/१५ ला माझे बहुतेक फोटो हलायचे. आता अंगठा आकडीत, डावा हात लेन्सखाली, कोपरं फासळ्यांना लावून श्वास सोडला की १/८ लासुद्धा पाचातले दोन-तीन फोटो स्वच्छ येतात. भिंतीवरच्या पात्रांच्या भुवयांची रेघ एकेक मोजता येते.

ज्यांच्या कॅमेऱ्याला हॉट शूच नाही, उदाहरणार्थ सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतली तिसऱ्या आवृत्तीपासूनची मॉडेलं, त्यांना पाठीवर चिकटवायचा उंचवटा मिळतो. तो चिकटवण्याआधी कागदी टेपने आठवडाभर लावून बघावा. चिकटवलेली वस्तू चुकीच्या जागी बसली की काढताना खूण राहते.

आपल्याला विनंती अशी, की यापुढे कॅमेऱ्याची ओळख छापताना हॉट शू आहे की नाही आणि उजव्या अंगठ्याखाली कोणती बटणं येतात, या दोन गोष्टी तेवढ्या द्याव्यात. कॅमेरा विकणाऱ्यांनीही प्रत्येक प्रकारची एकेक ग्रिप पाकिटातून काढून काउंटरवर ठेवावी आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवून बघू द्यावी. माझ्या वयाचे, हात दुखणारे बरेच लोक फोन सोडून आता छोटा कॅमेरा घेत आहेत. पेटीबंद ग्रिप त्यांच्या हाताला बसेल की नाही, हे पेटीवरचं चित्र बघून कळत नाही.

आपली,
एक वाचक, निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा