रायफलीतील मिसफायरबाबत तिसरे पत्र

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय: दोनदा दुरुस्त करूनही पॉइंट टू टू रायफल मिसफायर होणे

काल संध्याकाळी तुमच्या माणसाने फोन ठेवून दिला, म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे.

वरळीच्या रेंजवर 200 काडतुसांपैकी 11 पहिल्या ठोक्याला सुटली नाहीत. काडतुसाच्या कडेवर फायरिंग पिनचा, म्हणजे ठोका देणाऱ्या सुईचा, ठसा जेमतेम दिसतो. त्याच लॉटची 50 काडतुसं क्लबमधल्या सहकाऱ्याच्या रायफलीतून एकही न अडता सुटली. माझ्या रायफलीत दुसऱ्या कंपनीचा लॉट घातला, तर 50 पैकी 4 अडली. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा भाग, पुसून, जुनं तेल काढून पुन्हा पाहिलं. तेच. दोष काडतुसांत नाही, रायफलीत आहे.

हे सगळं काल सांगितलं. त्याने विचारलं, "अडलेली काडतुसं फिरवून पुन्हा मारली का?" मी म्हटलं, मारली, 11 पैकी 9 सुटली. तर म्हणतो, "मग सुटली ना मॅडम? तक्रार कसली?" मी सांगितलं, मॅचमध्ये 60 शॉट्सना 50 मिनिटं असतात, मिसफायर झाला की नळी टार्गेटकडेच धरून थांबायचं, मग बोल्ट उघडायचा, आणि पुन्हा श्वास जुळवायचा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. त्यावर तो म्हणाला, "एवढं टेन्शन घेऊ नका, प्रॅक्टिस वाढवा." मी नऊ वर्षं नेमबाजी करते. प्रॅक्टिसने पिनचा ठोका जोरात बसत नाही! हे रायफल विकणाऱ्याला मी समजवायचं?

पिनला जोर देते ती स्प्रिंग. बिलावर "स्प्रिंग बदलली" असं लिहिलं आहे. जुनी स्प्रिंग मागितली, दिली नाही. दोन्ही वेळा मागितली, दोन्ही वेळा दिली नाही. मग बदलली कशावरून?

पिन किती पुढे येते आणि बोल्ट व नळीमधलं अंतर किती, ही दोन्ही मापं मला लेखी हवीत. स्प्रिंग माझ्यासमोर बदला आणि जुनी माझ्या हातात द्या. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. दोन्ही बिलं आणि ठशांचे फोटो तयार आहेत.

तुमचं नाव ऐकून मी दोन वर्षं पैसे साठवले होते. क्लबमधल्या मुली विचारतात, ताई, कुठली रायफल घेऊ? आता तुमचं नाव सांगत नाही.

परवाना सांभाळत, टॅक्सी करून रायफल दोनदा तुमच्याकडे आणली. तिसऱ्यांदा आणणार नाही. माणूस रेंजवर पाठवा.

तुमची ग्राहक