घरभेद्याचे जाहीर आभार

प्रिय घरभेदी,

सरप्राइज पार्टीत कौतुक होतं ते फुगे लावणाऱ्यांचं. तुझी जागा त्या वेळी उत्सवमूर्तीच्या मागे, दाराशी. फोटोत खांदा आला तर आला. नवरा, बायको, भावंडं, रूममेट, नातं काहीही असो, पंधरा दिवस एकाच छपराखाली राहून कट सांभाळणारं माणूस तू. आम्ही मित्रमंडळी तुझ्या जिवावर उड्या मारतो, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठं ऋण म्हणजे ‘आम्ही वाढदिवस विसरलो’ हे नाटक तू आम्हाला करू दिलं नाहीस. आम्हाला ते फार गंमतीचं वाटतं. पण दहाजण एकाच दिवशी ‘जमणार नाही रे’ म्हणाले की समोरचा त्याचा अर्थ लावतोच: आपण कुणाला दुखावलंय, किंवा आपल्याला वगळून काहीतरी शिजतंय. संध्याकाळी दार उघडेपर्यंत रडू गळ्याशी आलेलं असतं. शिवाय संध्याकाळ मोकळी दिसली की उत्सवमूर्ती स्वतःच दुसरा बेत आखते आणि आपण पंचवीसजण रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतो.

तुझा उपाय साधा. आठ दिवस आधीच सांगून टाकायचं, ‘त्या दिवशी संध्याकाळी आपण दोघंच बाहेर जाऊ.’ एवढ्याने संध्याकाळ राखली जाते, कपडे बरे घातले जातात आणि विसरल्याची सल राहत नाही. मित्रांनीही सकाळी नेहमीसारखे शुभेच्छांचे फोन करायचे. लपवायची ती फक्त माणसांची संख्या.

फोनचं प्रकरण त्याहून नाजूक. नव्या ग्रुपला ‘सरप्राइज’ असं नाव देणारा महाभाग प्रत्येक टोळीत असतोच. तू ते बदलून ‘पाण्याची टाकी’ करायला लावलंस. घात होतो तो मात्र जुन्या ग्रुपमुळे. त्यात उत्सवमूर्ती असते, चेहरे तेच असतात आणि घाईत बोट तिकडेच जातं. मेसेज डिलीट केला तरी डिलीट केल्याची खूण मागे उरते, आणि नोटिफिकेशन तर आधीच वाचून झालेलं असतं. म्हणून ते पंधरा दिवस जुना ग्रुप प्रत्येकाने अर्काइव्हमध्ये टाकायचा, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करायचं आणि घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं असेल तर लॉगआउट करायचं. ही शेवटची गोष्ट आमच्या कधीच लक्षात येत नाही.

या सगळ्यात संशय तुझ्यावर येतो. फोन पालथा ठेवणं, गॅलरीत जाऊन बोलणं, मेसेज वाचून स्वतःशी हसणं. जोडीदाराच्या नजरेतून बघितलं तर याचा अर्थ वाढदिवस असा होत नाही, भलताच होतो. त्यावर तुझी तोड म्हणजे अर्धं खरं बोलणं: ‘तुझ्या भेटवस्तूचं चाललंय, विचारू नकोस.’ कुजबूज त्यात खपून जाते. आमच्यापैकी एकानेच तुझ्याशी बोलायचं, तेही कामाच्या वेळेत. पैसेही त्यानेच भरायचे, कारण खातं सामाईक असेल तर बँकेचा एसएमएस सगळं फोडतो.

पाहुण्यांची यादी तुझ्याशिवाय होऊच शकत नाही. आम्हाला आमची टोळी तेवढी ठाऊक. ऑफिसातली जवळची मैत्रीण, शेजारचे काका किंवा हल्ली ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो मित्र, हे तूच सांगू शकतोस किंवा शकतेस. बोलवायचं राहून गेलेल्याला त्याच रात्री कुणाच्या तरी स्टेटसवर फोटो दिसतात, आणि तो रुसवा वर्षभर पुरतो.

वेळेचा हिशोबही तुझाच. उत्सवमूर्ती साडेसातला येणार असेल तर पाहुण्यांना साडेसहाची वेळ द्यायची, कारण काहीजण चाळीस मिनिटं उशिरा येणारच. ७:१० नंतर कुणी आत शिरायचं नाही. राहिलेल्यांनी आरडाओरडा ऐकू आल्यावरच वर यायचं. कट सर्वात जास्त फुटतो तो लिफ्टमध्ये, हातात भेटवस्तू घेतलेल्या उशीरलतीफामुळे. तू लाइव्ह लोकेशन चालू करतानाही १५ मिनिटांचा पर्याय सोडून १ तासाचा निवडतोस किंवा निवडतेस, कारण रस्त्यात अडकलं की १५ मिनिटं कधीच संपतात. ‘पाकीट विसरलं, दोन मिनिटं घरी जाऊन येऊ’ हे कारण तर नामी. स्वतःच्या घराच्या दारावर कोण संशय घेणार?

तरीही दारात घोळ होतो. जिथे चपला बाहेर काढायची पद्धत आहे तिथे वीस जोड रहस्य उघडं करतात, म्हणून त्या पिशवीत भरून आत न्यायच्या. ओळखीच्या गाड्या पुढच्या गल्लीत लावायच्या. मिट्ट काळोख नको, हेही तुझंच म्हणणं. उजेडातून अंधारात येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही, स्टूलाला ठेच लागते आणि मग ओरडण्याने माणूस खरंच घाबरतो. कोपऱ्यातला एक दिवा चालू ठेवायचा आणि ओरडायचं ते समोरून. हेलियमचे साधे रबरी फुगेही त्याच दिवशी दुपारनंतर भरायचे. आदल्या रात्री भरलेले पार्टीपर्यंत जमिनीवर लोळतात.

आणि एकदोन वेळा तू सरळ सांगितलंस, ‘हिला असलं आवडत नाही, करू नका.’ तेव्हा आम्ही तोंड वाकडं केलं. त्याचे आभार राहिले होते, ते इथे मानतो.

पार्टीनंतर आम्ही निघून जातो. ‘म्हणजे त्या दिवशी गॅलरीत…?’ अशा एकेका थापेचा जाब द्यायला तू एकटं उरतोस किंवा उरतेस. वर भांड्यांचा ढीग आणि चिकटपट्टीने रंग सोललेली भिंत. यापुढे आवरायला शेवटपर्यंत थांबणाऱ्या दोघांची नावं आधीच ठरवू, आणि भिंतीवर रंगकामाची कागदी टेपच लावू.

तुझी,
मित्रमंडळी