बाबा, तुम्ही कशावरही सही करू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर मी जो विषय टाळला, तो आज लिहिते. कंपनीची नोंदणी झाली आहे, प्रमाणपत्र हाती आले आहे आणि हे सारे काम मी सल्लागार न नेमता स्वतः केले आहे. आधी सांगितले असते तर बाबा, तुम्ही नको म्हणाला नसता, पण रात्र रात्र जागला असता. म्हणून सांगितले नाही, आणि त्याची टोचणी मला आहे.

आई, पैसे वाचवण्यासाठी मी धोका पत्करला असे तुला वाटेल. फी वाचली हे खरे. पण मालकी माझी एकटीची, शेअर एकाच प्रकारचे, बाहेरचा गुंतवणूकदार कोणी नाही, अशा साध्या कंपनीला कायद्यातली नमुना नियमावली पुरते. भागीदार असता तर मी जाणकाराकडेच गेले असते. पहिल्या वर्षीचे करविवरण मात्र मी लेखापालाकडून तपासून घेणार आहे, एवढे तुझ्यासाठी. बाबा, तुम्ही मला कोणताही अर्ज आधी पेन्सिलीने भरायला लावायचात. हाही मी तसाच भरला आणि तुमच्यासारखेच ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचला. पहिले नाव जुन्या एका कंपनीच्या नावाशी जुळते म्हणून नाकारले गेले, दुसरे मिळाले. नोंदणीकृत पत्ता तुमच्या घराचा दिलेला नाही, त्यामुळे तुमच्या दारात सरकारी पत्र येणार नाही.

कंपनी केली ती तुमच्या घरासाठी, हे कृपा करून समजून घ्या. आजवर धंदा आणि मी कायद्याने एकच होतो. धंद्याचे देणे ते माझे देणे. लंडनमधल्या आरॉन सॉलोमन या बूट बनवणाऱ्याने 1892 मध्ये कंपनी काढली, तेव्हा 20,007 पैकी 20,001 शेअर त्याचे आणि बायको व पाच मुलांचा एकेक होता. कंपनी बुडाली, तरी तिचे देणे त्याच्या अंगावर टाकता येत नाही, कारण कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने 1896 मध्ये दिला. कंपनी आणि मी यांच्यातली ही भिंत टिकावी म्हणून मी कंपनीचे बँक खाते वेगळे ठेवले आहे, ठरावांचे इतिवृत्त लिहिते आणि वार्षिक विवरणपत्राच्या तारखा भिंतीवर लावल्या आहेत.

मात्र वैयक्तिक हमी, म्हणजे कंपनीने कर्ज फेडले नाही तर मी फेडीन असे वचन, दिली की त्या भिंतीला भगदाड पडते. नव्या कंपनीला कर्ज देताना बँका बहुधा अशी हमी मागतात. म्हणून बाबा, माझ्या प्रेमापोटीसुद्धा कोणत्याही कागदावर जामीनदार म्हणून सही करायची नाही, घराचे कागद कपाटाबाहेर काढायचे नाहीत आणि निवृत्तीच्या ठेवीला हात लावायचा नाही. काकांच्या वेळच्या सहीचा विषय मी काढते आहे तो दोष द्यायला नव्हे. तुम्ही भावासाठी जे केले ते मोठेच होते. फक्त आता तसे पुन्हा नको.

मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. तुम्हाला महिन्याला पाठवते ती रक्कम त्याच तारखेला येईल, कारण मी कंपनीतून ठरलेला पगार घेते आहे. आई, बाबांची रक्तदाबाची गोळी चुकू देऊ नकोस आणि तुझा गुडघा दाखवायचे पुढे ढकलू नकोस. कोणीही माझे नाव सांगून कागद पुढे केला, तर रात्री कितीही वाजले असले तरी आधी मला फोन करा.

तुमची,
लेक