'लाइफस्टाइलच तशी' म्हणून मोकळं होऊ नका

संपादक महोदय,
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गे पुरुषांच्या ड्रग्जचा विषय निघाला की लोक लगेच 'त्यांची लाइफस्टाइलच तशी' म्हणतात, पण जरा मागे जाऊन बघा ना. १९८६च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (म्हणजे खड्यांच्या रूपातलं, ओढायचं कोकेन) किमान ५ वर्षं जेल आणि तेवढ्याच शिक्षेला पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागायचं, क्रॅकमध्ये अडकणारे बहुतेक कृष्णवर्णीयच, २०१०ला हा १०० पटींचा फरक १८ पटींवर आणला (केवढे उपकार!). एकदा रेकॉर्ड झालं की नोकरी मिळेना, घर मिळेना, त्यात घरच्यांनी किंवा चर्चने गे म्हणून तोडलेलं असलं तर जायचं कुठे?

वेस्ट हॉलिवूडचा एड बक घ्या. श्रीमंत गोरा राजकीय देणगीदार, गरजू, कित्येकदा बेघर पुरुषांना पैसे देऊन मेथ (एक जबर नशेचं ड्रग) टोचायचा, २०१७ला एक कृष्णवर्णीय माणूस त्याच्या घरात मेला, २०१९ला दुसरा, आणि नंतर तिसरा कसाबसा वाचला तेव्हा कुठे अटक. २०२२ला ३० वर्षांची शिक्षा झाली म्हणा.

आणि हो, बऱ्याच अभ्यासांत कृष्णवर्णीय गे पुरुष गोऱ्या गे पुरुषांपेक्षा जास्त ड्रग्ज घेतात असं दिसलेलंच नाही, तरी एचआयव्ही त्यांच्यातच जास्त, कारण इन्शुरन्स नाही, उपचार उशिरा.

– एक वाचक, पुणे