टायर घासतो म्हणून मडगार्ड वाकवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत छोट्या, जोरकस गाड्यांना रुंद टायर बसवण्याविषयी एक टीप होती. टायर घासायला लागला तर ‘मडगार्डची आतली पत्ती ठोकून वर वळवून घ्यावी’ असं तीत एका वाक्यात उरकलं आहे. लिहिणारे बहुधा घाटावरचे असावेत. माझं पत्र त्या एका वाक्यापुरतंच आहे, आणि ते देवगडहून लिहितो आहे. इथे समुद्राकडच्या खिडकीचे गज रंगवून पुरे होत नाहीत तोवर पुन्हा तांबारतात.

माझा धंदा आंब्याचा. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी एक वापरलेली पोलो जीटी टीएसआय घेतली. फोक्सवॅगनची ही छोटी गाडी २०१५ सालची, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १०५ पीएस. का घेतली हे घरात कुणाला कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलेलं नाही. तिला मुळात १८५/६० आर १५ टायर होते. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के आणि रिम १५ इंचांची. मला ते टायर सायकलीचे वाटायला लागले. मग एका शहरातल्या दुकानातून १६ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम) आणि त्यावर २०५/५० चे टायर घालून घेतले. दुकानदाराने स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून दाखवलं, मागच्या चाकावर मडगार्डच्या कमानीत बोट घालून दाखवलं. म्हणाला, “बघा, बोट सहज जातं.” बोट जात होतं. डिकी मात्र रिकामी होती.

एप्रिलात मुलीकडे कोल्हापूरला निघालो. डिकीत हापूसच्या तीन पेट्या, पुढे मी आणि बायको, मागे मेव्हणा आणि त्याचे दोन वाढत्या अंगाचे मुलगे. नांदगाव ओलांडून फोंडा घाट लागला आणि प्रत्येक खळग्यात मागून खर्र, खर्र. मेव्हणा म्हणाला, “भावजी, मागसून खोबरा कोण किसता हा?” राधानगरीला चहाला थांबलो तेव्हा डाव्या टायरच्या खांद्यावरून रबराची बारीक कीस निघाली होती. खोबऱ्याची उपमा अगदीच चुकलेली नव्हती.

परत आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, जे खरं तर पैसे देण्याआधी करायचं असतं. आपण सगळे टायरची रुंदी बघतो आणि रिमच्या मागे कोरलेला ‘ईटी’चा आकडा कुणी बघत नाही. रिम जिथे गाडीला बोल्टने बसते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितकं चाक मडगार्डच्या बाहेर सरकतं. माझ्या नव्या रिमचा आकडा जुन्यापेक्षा ८ ने कमी होता. टायर २० मिलिमीटर जास्त रुंद, म्हणजे बाहेरच्या बाजूला १० आले. १० आणि ८ मिळून १८. दुकानदाराचं बोट तेवढंच असेल. त्यात चाकाचा व्यास ६०३ वरून ६११ झाला, म्हणजे टायर कमानीकडे वर ४ मिलिमीटर चढला, आणि वर माणसं नि पेट्यांनी गाडी खाली बसली. मग पत्र्याला लागणार नाही तर काय होईल?

(बाजारातल्या रिमचं मधलं भोकही बघून घ्या. पोलोच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, ५७.१ मिलिमीटरचं लागतं. ते मोठं असेल तर मध्ये रिंग घालावी लागते. नाहीतर चाक नेमकं मध्यावर बसत नाही, वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालत बसतो.)

आता त्या वाक्याकडे येतो. मीही तेच केलं होतं. डावीकडे जास्त घासत होतं म्हणून एका गॅरेजात तेवढ्याच बाजूची पत्ती गरम हवा मारून वर वळवून घेतली. काम हातोटीचं होतं, बाहेरून पत्र्याला पोचा नाही की रंगाला तडा नाही. पण त्या पत्तीत दोन पत्रे एकावर एक दुमडलेले असतात आणि मधल्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून लांबी (पुट्टीसारखा लेप) भरलेली असते. पत्ती वळली की आतली लांबी तडकते, तळचा रंग भेगाळतो, आणि हे सगळं डोळ्याला न दिसणाऱ्या बाजूला होतं. पुण्याला त्याने काही वर्षं काही बिघडणार नाही. इथे चाकाने उडवलेलं पाणी आणि वर खारा वारा. एक पावसाळा गेला, दिवाळीला गाडी धुताना डाव्या कमानीवर तांदळाएवढा फुगवटा हाताला लागला. नखाने टोकरला तर खाली लाल भुगा. उजवी बाजू, जिला कुणी हात लावला नव्हता, ती आजही कोरी आहे. एकाच गाडीवर दोन्ही नमुने, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन बघावेत.

शेवटी मी काय केलं? जुन्या १५ इंची रिम मांगरातून काढल्या आणि त्यांवर १९५/६० चे टायर चढवले. रुंदी १० ने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ५. रिम तीच, त्यामुळे ईटीचा घोळच नाही. व्यास ६१५ झाला, मूळच्यापेक्षा २ टक्के जास्त. वेगाचा काटा मुळात अचूक असेल, तर तो ८० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ८१-८२ ने पळते, तेवढं लक्षात ठेवायचं. टायरची भिंत १११ ऐवजी ११७ मिलिमीटर झाली, आणि आमच्या रस्त्यांवर तिचा उपयोग रुंदीपेक्षा जास्त आहे. १६ इंचीवर ती १०२-१०३ होती. त्या काळात जांभ्याच्या कडेवरून उतरताना एका रिमला चंद्रकोर पडली, ते वर सांगायचं राहून गेलं.

ह्या वेळी मात्र बोटावर विश्वास ठेवला नाही. आषाढ होता, गणपतीच्या शाळेत काम सुरू झालं होतं. तिथून मूठभर शाडू मागून आणला. कमानीच्या आत चार ठिकाणी बोराएवढे गोळे दाबून बसवले. मग पाच माणसं आणि डिकीत पेट्यांच्या वजनाची भाताची पोती घालून जामसंड्याच्या उताराने दोन फेऱ्या मारल्या, एका ठिकाणी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून खळग्यातही उतरवली. परत येऊन बघितलं तर तीन गोळे शाबूत, एक चेपून ६ मिलिमीटर उरलेला. म्हणजे सगळ्यात वाईट प्रसंगीही ६ मिलिमीटर फट. मूर्तिकार हसत होते, पण माती त्यांनी परत घेतली नाही.

स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर पुढचा टायर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला किंचित टेकतो तेवढं चालतं. अस्तराची सुटलेली क्लिप लावली की बहुतेक वेळा तेही थांबतं. पत्र्याला टेकणं मात्र एकदाही चालत नाही.

टिपेत पावसाचा उल्लेखच नाही म्हणून दोन ओळी. टायर रुंद केला की त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. मुंबई-गोवा महामार्गावर जुलैत हे ज्याने अनुभवलंय तो विसरत नाही. कायद्याला खाचांची खोली १.६ मिलिमीटर पुरते, मी ३ ला टायर बदलतो. आणि स्टेपनी जुन्या मापाचीच राहिली असेल तर ती पुढच्या चाकाला लावून लांब जाऊ नका. पोलोचा ओढा पुढच्या चाकांवर असतो, दोन वेगळ्या व्यासांची चाकं जोडली की डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जोडणी, सरळ रस्त्यावरही फिरत राहतं.

ती टीप दुरुस्त करून छापावी एवढीच विनंती. माझ्या १६ इंची रिम आता मांगरात नारळाच्या सोडणांवर पडून आहेत, चंद्रकोरवालीसकट. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी आधी ईटीचा आकडा सांगतो, मग डावी कमान दाखवतो, आणि ती चहा घेऊन परत जातात.

आपला,
एक आंबा बागायतदार, देवगड